शिवकर बापूजी तळपदे

गेल्या पावसाळ्यांत शाळेच्या कुंपणापलीकडील वावरांत पऱ्हाटीवर औषध फवारण्यासाठीं एक लहानसें मानवरहित विमान आणलें होतें. त्यास आतां सर्वत्र ड्रोन म्हणतात. दहा लिटरांची टाकी पोटाशीं धरून तें धुऱ्यावरून सरळ वर उठलें. त्यास ना धांवपट्टी लागली, ना वैमानिक. पिकाच्या शेंड्यांवरून ओळीओळीनें फवारणी करीत तें पलीकडे गेलें. इयत्ता नववीचा माझा वर्ग फळ्याकडे पाठ करून खिडक्यांशीं उभा होता. शिक्षकानें रागवावयास हवें होतें. परंतु शिक्षकही खिडकीशींच उभा होता.

ज्यांस हें खेळणें वाटत असेल त्यांनीं २०१७ चा पावसाळा आठवावा. त्या वर्षीं आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत पऱ्हाटी माणसाच्या उंचीस पोंचली होती. पाठीवर पंप बांधून तींत शिरलेल्या शेंकडों शेतकऱ्यांस व शेतमजुरांस कीटकनाशकांची विषबाधा झाली, आणि रुग्णालयांत गेलेल्यांपैकीं कित्येक घरीं परतले नाहींत. माणसास विषाच्या धुक्यांत न पाठवितां औषध पिकावर पडावें, यासाठीं हें यंत्र आहे.

तें दिसेनासें झाल्यावर एका विद्यार्थ्यानें मला विचारलें कीं, माणसावांचून उडणारें विमान जगांत सर्वांच्या आधीं तळपदे नांवाच्या मराठी गृहस्थांनीं मुंबईच्या चौपाटीवर उडविलें, हें खरें ना? दोघांतिघांनीं लागलीच माना डोलविल्या. एकानें २०१५ सालीं निघालेला ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट पाहिला होता. दुसऱ्यानें तीच हकीकत कोठें तरी वाचली होती. घंटा होण्यास पांच मिनिटें उरलीं होतीं, आणि तेवढ्यांत देण्याजोगें उत्तर मजजवळ नव्हतें. तें या पानांत देतों.

शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ सालीं मुंबईंत पाठारे प्रभु ज्ञातींत झाला. हे लोक मुंबईचे फार जुने रहिवासी. इंग्रजी शिक्षण, सरकारी नोकरी आणि कलाकौशल्य या तिन्हींत ते त्या काळीं पुढें होते. चिराबाजाराकडील दाट वस्तींत तळपद्यांचें घर होतें. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नांवानें १८५७ सालीं निघालेल्या कलाशाळेंत ते शिकले व पुढें तेथेंच शिकवूं लागले, असें त्यांचें वृत्त लिहिणारे सांगतात. ही शाळा केवळ चित्रें काढावयास शिकविणारी नव्हती. लांकूड, धातु, माती यांचें काम तेथें हातानें करावें लागे, आणि १८९१ मध्यें तर लॉर्ड रे यांच्या नांवानें कारागिरीच्या कार्यशाळाच तेथें उघडल्या. पुढें मराठी मुलखांत चित्रपट जन्मास घालणारे दादासाहेब फाळके १८८५ सालीं याच शाळेंत दाखल झाले होते. चित्रें हालतीं करणारा एक आणि यंत्रास पंख देऊं पाहणारा दुसरा, दोघेही एकाच आवारांतले, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

तळपद्यांच्या मनाचा दुसरा धागा संस्कृताचा. स्वामी दयानंद सरस्वती यांनीं १८७५ सालीं मुंबईंतच आर्यसमाजाची स्थापना केली. त्यांच्या ऋग्वेदादिभाष्यभूमिका या ग्रंथांत नौका व विमानें यांवर एक स्वतंत्र प्रकरण असून, वेदमंत्रांत अशा यानांच्या विद्येचें बीज आहे असें तेथें प्रतिपादन केलें आहे. कलाशाळेंतील चिरंजीलाल वर्मा नांवाच्या एका शिक्षकांनीं तळपद्यांचें लक्ष या विषयाकडे वेधलें, असें सांगतात. तळपदे या विचारानें भारून गेले, आणि प्राचीन विमानकलेचा शोध या नांवाचें एक पुस्तकही त्यांनीं लिहिलें. परतंत्र देशांतील एका तरुणास आपल्या पूर्वजांपाशीं ही विद्या होती असें वाटावें, आणि त्या वाटण्यानें त्याच्या हातांस बळ यावें, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. मुंबईंतला तो काळ असा होता कीं, गिरणीचें यंत्र, आगगाडी, तारायंत्र, सर्व कांहीं परक्यांनीं आणून दाखविलेलें.

त्याच सुमारास जगांत इतरत्रही पुष्कळांस उडण्याचें वेड लागलें होतें. फ्रान्सांत आल्फोन्स पेनो या तरुणानें १८७१ सालीं पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर चालणारें एक इवलेंसें विमान पॅरिसच्या बागेंत ११ सेकंद उडवून दाखविलें. तें सुमारें ४० मीटर गेलें. ऑस्ट्रेलियांत लॉरेन्स हारग्रेव्ह यांनीं १८९४ च्या नोव्हेंबरांत चार पेटीपतंगांच्या साहाय्यानें स्वतःस १६ फूट उचलून घेतलें. जर्मनींत ओटो लिलिएंथाल टेकडीवरून पंख बांधून झेपा घेत होते; १८९६ च्या ऑगस्टांत पडून त्यांचा अंत झाला. तळपद्यांच्या हातीं यांपैकीं काय पडलें असेल तें असो. एवढें खरें कीं ते वेडे नव्हते, आणि एकटेही नव्हते.

आतां चौपाटीची कथा. ती अशी कीं १८९५ सालीं तळपद्यांनीं मरुत्सखा नांवाचें, आंत माणूस नसलेलें एक विमान तयार केलें, गिरगांव चौपाटीच्या वाळूवर लोकांच्या समक्ष तें उडविलें, आणि तें १,५०० फूट उंच जाऊन खालीं कोसळलें. त्या वेळीं न्यायमूर्ति रानडे व बडोद्याचे सयाजीराव महाराज हजर होते असेंही सांगतात, आणि टिळकांच्या ‘केसरी’ंत ही बातमी आली होती असें म्हणतात. ही हकीकत पुष्कळांस ज्या रूपांत ठाऊक आहे तें पाठारे प्रभूंच्या इतिहासावरील प्रताप वेलकर यांच्या पुस्तकामुळें. तें पुस्तक घटनेनंतर सुमारें १०० वर्षांनीं निघालें.

येथून पुढें मला शिक्षकाचें काम करावें लागतें, आणि तें तितकेंसें सुखाचें नाहीं. केसरीचा तो अंक तारीखवार कोणीं पुढें ठेवल्याचें आढळत नाहीं. कथेंत वर्ष आहे, पण दिवस ठरलेला नाहीं. मुंबईंत त्या काळीं छायाचित्रकारांची वाण नव्हती. सावे दादा म्हणून प्रसिद्ध असलेले हरिश्चंद्र भाटवडेकर यांचा तर हाच व्यवसाय होता, आणि १८९९ मध्यें त्यांनीं कुस्तीच्या सामन्याचें चलच्चित्रही घेतलें. अशा शहरांत, भर चौपाटीवर, १,५०० फूट उंच गेलेल्या यंत्राचें एकही छायाचित्र नसावें, पडलेल्या यंत्राची एक फळीही कोणीं जपून ठेवूं नये, हें मनास पटत नाहीं.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. ती समजण्यास विमान मुळांत कसें उठतें हें थोडें पाहिलें पाहिजे. पंखाखालून व पंखावरून हवा वेगानें वाहूं लागली म्हणजेच पंख वर उचलला जातो. म्हणून जड विमानास आधीं वेग मिळवावा लागतो, व त्यासाठीं लांब मोकळी जागा हवी. जागा अपुरी असेल तर तीन वाटा राहतात. यंत्र फार हलकें व पंख फार रुंद करावे, म्हणजे थोड्या वेगांत काम भागतें. किंवा बाहेरून धक्का देऊन, गोफणींतून दगड सोडावा तसें यंत्र सोडावें. किंवा पंखच गरगर फिरवावे, म्हणजे यंत्र जागच्या जागीं असूनही पंखांस वेग मिळतो. आमच्या कुंपणापलीकडचें विमान तिसऱ्या वाटेनें उठलें. चौपाटीवरचें कोणत्या वाटेनें उठलें? वाळूवर तें किती धांवलें? पंख किती फुटांचे होते, वजन किती होतें? कथा सांगणाऱ्यांस यांतील कशाचाच पत्ता नाहीं. उंची मात्र ते बिनदिक्कत सांगतात. ज्यानें विमान खरोखर घडविलें असेल, त्यानें आधीं वजन सांगितलें असतें.

हें विमान पाऱ्याच्या शक्तीवर चाले, असेंही कथेंत आहे. आमच्या प्रयोगशाळेंत पाऱ्याची लहानशी बाटली ज्यांनीं उचलून पाहिली असेल त्यांस अधिक सांगणें नको. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. एक लिटर पारा म्हणजे १३.६ किलो, सुमारें ३० पौंड. तो उकळावयास ३५७ अंश उष्णता लागते आणि त्याची वाफ विषारी असते. पारा तापवून त्याच्या वाफेवर चाक फिरवितां येतें, हें खरें. परंतु त्या चाकास पंखा जोडल्याचा किंवा तसें यंत्र स्वतःचा भार उचलून उडाल्याचा दाखला नाहीं.

आतां अमेरिकेंतील एका समवयस्क उद्योगाकडे पाहूं. सॅम्युएल लँग्ली हे वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख, मूळचे ज्योतिषशास्त्रज्ञ. ६ मे १८९६ रोजीं पोटोमॅक नदीवर क्वांटिको गांवाजवळ त्यांनीं आपलें पांचव्या क्रमांकाचें मानवरहित विमान उडविलें. पंखांचा पसारा जवळ जवळ १४ फूट, वजन सुमारें २५ ते ३० पौंड, आंत एक लहानसें वाफेचें यंत्र. अख्ख्या विमानाचें वजन एक लिटर पाऱ्याच्या आंतबाहेर! जमिनीवर धांवण्याची सोयच नव्हती, म्हणून एका घरनावेच्या छपरावर स्प्रिंगची गोफण बसवून तें सोडलें. पहिल्या खेपेस तें सुमारें ३,३०० फूट गेलें, दुसऱ्या खेपेस सुमारें २,३०० फूट, आणि वाफ संपतांच अलगद पाण्यावर उतरलें. कांठावर टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः उभे होते. त्यांनीं छायाचित्र घेतलें व पाहिलें तें लिहून प्रसिद्ध केलें. तें विमान आजही संग्रहालयांत आहे. याच्या आधींच्या दोन-तीन वर्षांत त्यांचीं कितीतरी यंत्रें नदींत पडलीं होतीं. त्या अपयशांच्या नोंदीही लँग्लींनीं ठेविल्या आहेत, आणि मला तर त्याच अधिक मोलाच्या वाटतात.

पण पहिलेपणाचा मोह केवळ आपणांस सुटत नाहीं असें कोणीं समजूं नये. पुढें सरकारी पैशानें लँग्लींनीं माणूस नेणारें मोठें विमान बांधलें. १९०३ च्या ७ ऑक्टोबरला व पुन्हां ८ डिसेंबरला तें सहकारी मॅन्ली यांच्यासह पाण्यांत कोसळलें. वर्तमानपत्रांनीं त्यांची भरपूर थट्टा केली. त्यानंतर नऊच दिवसांनीं राइट बंधूंनीं १२ सेकंदांत १२० फूट उड्डाण केलें. १९०६ सालीं लँग्ली वारले. त्यानंतर स्मिथसोनियन संस्थेनें काय करावें? १९१४ मध्यें तें बुडालेलें विमान पुष्कळ फेरफार करून पुन्हां उडवून पाहिलें, आणि माणसासह उडण्यास समर्थ असें जगांतील पहिलें विमान हेंच, अशी पाटी लावून तें संग्रहालयांत मांडलें. ऑर्व्हिल राइट इतके दुखावले कीं १९२८ सालीं त्यांनीं आपलें विमान देशाबाहेर, लंडनच्या संग्रहालयास देऊन टाकलें. १९४२ मध्यें संस्थेनें झालेली चूक छापून कबूल केली, तेव्हां कोठें तें परत येण्याचा मार्ग मोकळा झाला. १९४८ सालीं तें अमेरिकेंत आलें. एवढ्या मोठ्या विद्वान् संस्थेस खरें बोलावयास २८ वर्षें लागलीं.

आपल्याकडे तळपद्यांच्या विषयाची शास्त्रीय छाननी झाली ती १९७४ सालीं, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत. तेथील पांच अभ्यासकांनीं वैमानिकशास्त्र या संस्कृत ग्रंथाची परीक्षा केली. हा ग्रंथ प्राचीन भारद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जातो. परंतु तो सुब्बराय शास्त्री नांवाच्या गृहस्थांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तोंडानें सांगून लिहविला. त्याची भाषा प्राचीन नाहीं आणि त्यांतील एकही विमान उडण्याजोगें नाहीं, असा निर्णय या अभ्यासकांनीं दिला. त्यांच्या लेखांत आमच्या कथेस लागू पडणारी एक ओळ आहे. शास्त्र्यांच्याच आत्मवृत्तावरून ते सांगतात कीं, मुंबईच्या तळपद्यांनीं शास्त्र्यांच्या मार्गदर्शनाखालीं कांहीं नमुने करून पाहिले, पण त्यांपैकीं एकही उडूं शकला नाहीं. ही साक्ष तळपद्यांच्या शत्रूची नव्हे, स्नेह्याची आहे. म्हणून मीं तिला अधिक वजन देतों. तरीही २०१५ च्या जानेवारींत मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानांवर व्याख्यान झालें आणि सर्व वाद नव्यानें उसळला.

तळपद्यांच्या उत्तरायुष्याविषयीं सांगण्यासारखें थोडेंच आहे. पैशाचें पाठबळ मिळालें नाहीं, पत्नी वारली, आणि यंत्राचें काम थांबलें, असें सांगतात. १९१६ च्या सुमारास त्यांचा अंत झाला. परंतु त्याआधीं एक गोष्ट घडली. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीस हजारों पत्रें विमानानें नेलीं. देशभरच्या वर्तमानपत्रांत तें छापून आलें. तळपदे तेव्हां ४६-४७ वर्षांचे होते. ती बातमी त्यांनीं वाचली असेलच. ती वाचून त्यांनीं पत्र घडी करून ठेवलें, कीं घराबाहेर येऊन आकाशाकडे पाहिलें, हें मात्र कोणीं टिपून ठेवलें नाहीं. त्यांच्या चरित्रांत मला एखादी जागा रिकामी दिसते ती हीच. १,५०० फुटांची नव्हे.

वर्गांत मीं एवढेंच सांगितलें कीं, तळपद्यांनीं विमान बनविण्याचा यत्न केला हें मानावयास हरकत नाहीं. तें १८९५ सालीं उडालें हें मानण्यास पुरावा नाहीं. प्रश्न विचारणारा विद्यार्थी हिरमुसला. त्यानें निबंधस्पर्धेसाठीं तळपद्यांवर निबंध लिहून ठेवला होता, आणि शीर्षकांतच जगांतील पहिले विमानवीर असें होतें. गुण कापले जातील काय, ही त्याची खरी चिंता.

चार दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. कापसाचे शेतकरी, बोलावयास मोकळे. आपल्या माणसास मोठें म्हटल्यानें मास्तरांचें काय जातें, असा त्यांचा रोख होता. आणि प्रश्न वाजवी होता. मीं त्यांस विचारलें कीं, बियाण्याच्या पाकिटावर एकरीं उताऱ्याचा मोठा आंकडा छापलेला असतो, तो पाहून आपण बियाणें घेतां काय? ते म्हणाले कीं छे, कोणाच्या वावरांत, कोणत्या सालीं, किती क्विंटल झालें तें आधीं विचारतों. एकदां न विचारतां घेतलें होतें, त्याचें कर्ज दोन वर्षें फेडलें. एवढें बोलून ते थांबले, माझ्याकडे पाहिलें, आणि हंसले. मग आम्ही चहा घेतला आणि तळपद्यांचा विषय निघाला नाहीं. मुलानें शीर्षक बदललें. आंतला मजकूरही बराच बदलला, आणि माझ्या मतें निबंध पहिल्यापेक्षां चांगला झाला. पारितोषिक दुसऱ्यास मिळालें.

त्यानंतर शनिवारच्या सकाळीं नववीचीं मुलें शाळेच्या मैदानावर पेनोच्या धर्तीचीं रबरी विमानें उडवूं लागलीं आहेत. बांबूची कामटी, पतंगाचा कागद, सायकलच्या ट्यूबची पट्टी, असें साहित्य. विमान कोठून सोडावयाचें तें चुन्यानें आंखलें आहे. एका वहींत तारीख, वाऱ्याची दिशा, विमानाचें वजन, तें किती धांवून उठलें व किती लांब गेलें हें टिपतात, आणि खालीं दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात. दोघे एकाच गटांतले असूं नयेत, हा नियम मुलांनींच केला. वहीचें पहिलें पान त्या निबंधवाल्या मुलाच्या हातचें आहे: वजन ३८ ग्रॅम, धांव ४ फूट, उड्डाण शून्य.